लंडनला गेलेली आपली बोली

गेवराईचा, केजचा किंवा धारूरचा मुलगा शिकायला पुण्याला गेला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याचं बोलणं बदलतं. ‘करायलोय’चं ‘करतोय’ होतं, ‘मह्या’चं ‘माझ्या’ होतं, वाक्याच्या शेवटचा हेल गळून पडतो. सणाला घरी आला की पहिला दिवस तो तसाच बोलतो, आणि आजी त्याच्याकडं परक्यासारखं बघते. मी अशी अनेक मुलं जवळून पाहिली आहेत. ती हुशार असतात. वर्गात उत्तर येत असतं, पण हात वर होत नाही. उत्तर चुकेल याची भीती नसते, तोंड उघडल्यावर लोक हसतील याची असते.

या मुलांशी बोलायची वेळ आली की मी त्यांना एक नाव सांगतो. प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे. मराठवाड्याची हीच बोली त्यांनी जशीच्या तशी रंगमंचावर उभी केली आणि अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं. त्यांच्यासारखा विनोदी लेखक आणि नाटककार आपल्या भागात होऊन गेला, हे आज बीडच्या पंचविशीतल्या पोरांना सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठी.

देशपांडे यांचा जन्म 1943 सालचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 17 सप्टेंबर 1948 ला तो मुक्त झाला. तोवर इथल्या कचेऱ्यांची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मुंबई-पुण्यात संगीत नाटकं, नाटक कंपन्या, नाट्यगृहं असा दीर्घ वारसा होता. आपल्याकडं रंगभूमीची हौस होती, पण तिच्या मागं उभी राहणारी व्यवस्था नव्हती. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि 1973 मध्ये त्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेले कमलाकर सोनटक्के यांनी तो उभा केला. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, छोट्या दुकानदाराच्या घरातल्या मुलांना नाटक हा शिकण्याचा विषय असतो, हे तिथं पहिल्यांदा कळलं. देशपांडे याच विभागात शिकवू लागले आणि पुढं विभागप्रमुख झाले.

1979 पासून ते ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ करू लागले. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नटही तेच. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी थेट लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. गावातली तयारी, माणसांची लगबग, निरोप, प्रवास, विमान आणि मग ते परकं शहर. या सगळ्यात पुरुष आहेत, बायका आहेत, म्हाताऱ्या आहेत, पोरंसोरं आहेत, गोरे आहेत. बबन्या आहे आणि गावानं आपल्यात ओढून घेतलेला ‘जॉनराव’ आहे. मिळून 52 पात्रं. सुमारे तीन तास ही सगळी माणसं एकटा माणूस उभी करायचा. या विक्रमाची नोंद गिनेस बुकानं घेतली. देशात आणि परदेशांत मिळून दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. कॅसेटचा जमाना आला तेव्हा या नाटकाच्या कॅसेटी मराठी घराघरांत गेल्या. लग्नघरात, रसवंतीवर, रात्रीच्या प्रवासात तो आवाज ऐकत आमची एक पिढी मोठी झाली. ज्यांनी नाट्यगृहाचं दारही पाहिलं नव्हतं, त्यांनाही त्यातले संवाद पाठ असायचे.

रंगमंचावर सामान असं काही नसायचं. हातात एक उपरणं. ते डोक्यावर घेतलं की पदर व्हायचा आणि समोर एखादी म्हातारी उभी राहायची. तेच कमरेला बांधलं की गडी, खांद्यावर टाकलं की गावातला मोठा माणूस. उपरण्याचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते योग्यच आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या कानाची कमाई. एकाच गावातली पन्नास माणसं पन्नास तऱ्हेनं बोलतात, हे त्यांनी ऐकून ठेवलं होतं. म्हातारीचं बोलणं वेगळं, सुनेचं वेगळं. कर्जात बुडालेला माणूस बोलतो ते वेगळं आणि नुकता शहरातून आलेला बोलतो ते वेगळं. प्रमाण मराठीत ही माणसं लिहिली असती तर बावन्नची पाच-सहाच उरली असती. बोली होती म्हणून प्रत्येक माणूस वेगळा ओळखू आला.

एकट्यानं रंगमंच भरून टाकण्याची परंपरा मराठीला नवी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग 1961 मध्ये सुरू केले होते आणि मुंबईची चाळ त्यांनी एकट्यानं उभी केली होती. पण आपल्या मुलखात ही परंपरा त्याहून जुनी आहे, आणि ती नाट्यगृहात जन्मलेली नाही. बीड जिल्ह्याला कीर्तन नवं नाही. नारायणगड, गहिनीनाथगड ही आपली ठिकाणं. सप्ताहात उभा राहणारा कीर्तनकार अभंग सोडवता सोडवता आख्यान लावतो. तेव्हा तोच राजा असतो, तोच चोर असतो, तोच रडणारी आई असतो. त्याच्याकडंही उपरणंच असतं. गोदावरीपलीकडं पैठणला संत एकनाथांनी भारुडं रचली आणि गावातल्या साध्या माणसांना त्यांच्या तोंडच्या भाषेत बोलतं केलं. बहुरूपी दारात यायचा तो वेश पालटूनच. हे सगळं आपल्या मातीत मुरलेलं आहे. देशपांडे यांनी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं, पण त्यांच्या प्रयोगाची मुळं मला या पारावरच्या रंगभूमीत दिसतात. म्हणूनच नाटक न पाहिलेल्या माणसालाही ते नाटक पहिल्या वाक्यापासून आपलं वाटलं.

आता थोडं लांब, आयर्लंडकडं जाऊ. हा लहानसा देश कित्येक शतकं इंग्रजांच्या ताब्यात होता. लंडनच्या रंगभूमीवर आयरिश माणूस यायचा तो बहुतेक वेळा हसण्यापुरता. बोलण्यात अडाणी, दारूडा, भांडखोर. आणि तरीही लंडनला सगळ्यात जास्त हसवलं ते आयर्लंडमधून आलेल्या नाटककारांनीच. ऑलिव्हर गोल्डस्मिथ, रिचर्ड शेरिडन, ऑस्कर वाइल्ड आणि मग जॉर्ज बर्नार्ड शॉ. 1856 मध्ये डब्लिनला जन्मलेले शॉ विशीत लंडनला आले, तिथंच लेखक झाले आणि 1925 चं साहित्याचं नोबेल त्यांना मिळालं. राजधानीत जाऊन परका ठरलेला माणूस राजधानीकडं बारकाईनं बघतो. तिथल्या लोकांना सवयीनं जे दिसत नाही, ते त्याला दिसतं. त्या दिसण्यातून त्याचा विनोद येतो.

शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’ 1913 मध्ये रंगभूमीवर आलं. रस्त्यावर फुलं विकणारी एक मुलगी. तिचं बोलणं ऐकून भाषेचा एक प्राध्यापक पैज लावतो की काही महिन्यांत मी हिचे उच्चार सुधारून हिला उच्चभ्रूंत खपवून दाखवतो. तो ते करूनही दाखवतो. पण शॉ यांचा खरा रोख त्या प्राध्यापकावर आहे आणि उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजावर आहे. 1975 मध्ये पु. लं. नी हे नाटक ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं. भक्ती बर्वे यांची फुलराणी मराठी माणूस विसरलेला नाही. प्रेक्षक हसले, टाळ्या पडल्या. पण भाषेवरून माणसाला खाली बसवणं हा दुखरा विषय आपल्याकडंही आहे, हे त्या नाटकानं लख्ख दाखवलं.

‘ती फुलराणी’नंतर चारच वर्षांनी देशपांडे यांचं वऱ्हाड निघालं. ही दोन नाटकं मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. फुलराणीला वरच्या दारातून आत जायचं तर आधी बोलणं बदलावं लागतं. देशपांडे यांचं वऱ्हाड लंडनपर्यंत जातं आणि एकाही माणसाचं बोलणं बदलत नाही. शॉ यांनी प्रश्न मांडला होता. मराठवाड्यातल्या एका प्राध्यापकानं आपल्या परीनं त्याला उत्तर दिलं. हा प्राध्यापक कुणाचे उच्चार सुधारायला निघाला नव्हता. तो स्वतःच आजीच्या, मामाच्या, गड्याच्या तोंडचं बोलणं आदरानं शिकून आला होता.

आयर्लंडमध्येही एकानं असंच केलं होतं. जॉन मिलिंग्टन सिंग हा नाटककार पश्चिमेकडच्या अरान बेटांवर जाऊन राहिला, तिथल्या शेतकऱ्या-कोळ्यांचं बोलणं ऐकत बसला आणि त्या बोलीत त्यानं नाटकं लिहिली. त्याचं ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे विनोदी नाटक 1907 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात लागलं, तेव्हा प्रेक्षकांनी दंगा केला. आमच्या खेड्यातल्या माणसांची बदनामी झाली, असं त्यांना वाटलं. पुढं त्याच नाटकाला आयर्लंडनं आपलं मानलं.

तसा आक्षेप ‘वऱ्हाड’वरही ऐकू येतो. खेडवळ माणसाला विमानात बसवून त्याच्या अडाणीपणावर शहरी प्रेक्षकाला हसवलं, असं काही जण म्हणतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण अशी हसवणूक मराठी नाटक-सिनेमात भरपूर झाली आहे. कितीतरी वर्षं बोलीत बोलणारं पात्र म्हणजे चहा आणणारा गडी, नाही तर वेंधळा पाहुणा. नायक मात्र शुद्ध बोलायचा. पण ‘वऱ्हाड’मध्ये गडी-नायक ही वाटणीच नाही. सगळं नाटक गावाच्या डोळ्यांतून घडतं. विमान विचित्र आहे, लंडन विचित्र आहे, तिथली माणसं विचित्र आहेत. गाव आपल्या जागी शाबूत आहे. ही माणसं चुकतात, गोंधळतात, भांडतात, पण लाचार होत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतला प्रेक्षक हे नाटक पाहून दुखावला नाही. त्यानं ते डोक्यावर घेतलं. आपली टर उडवली जाते आहे की आपल्यावर कुणी माया करतो आहे, हे माणसाला लगेच कळतं.

या नाटकात आणखी एक गोष्ट आहे आणि ती बीडच्या माणसाला जास्त जाणवते. आपल्या जिल्ह्याला दुष्काळाची ओळख चिकटलेली आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. परळीला रेल्वे कधीची आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणी, बीड शहरात, पहिली रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. 1979 मध्ये, जेव्हा आपल्या भागातल्या बहुतेकांनी विमान फक्त आभाळात पाहिलं होतं, तेव्हा एका लेखकानं इथल्या माणसांना विमानात बसवलं. नुसतं स्वप्न म्हणून ते गोड झालं असतं. त्यांनी ते विनोदातून केलं म्हणून ते खरं वाटलं. आमच्या माणसाला जग बघण्याचा हक्क आहे आणि जग बघून हसण्याचाही, असं ते नाटक मोठ्या आवाजात सांगतं.

देशपांडे 22 फेब्रुवारी 2009 ला गेले. एकपात्री नाटकाचं दुखणं हेच असतं की माणूस गेला की नाटक जातं. पुस्तक उरतं, ध्वनिमुद्रण उरतं, पण समोरासमोरचा प्रयोग संपतो. ‘वऱ्हाड’ मात्र थांबलं नाही. आपल्या माजलगावचे संदीप पाठक यांनी ते उचललं आणि त्याचे शेकडो प्रयोग केले. दुसऱ्याच्या नावावर एवढं ठसलेलं नाटक अंगावर घेणं हे धाडस आहे. प्रत्येक प्रेक्षक मनात जुना आवाज घेऊन बसलेला असतो. पाठक यांनी नक्कल टाळून स्वतःच्या अंगानं ती माणसं उभी केली. आज वीस वर्षांचा प्रेक्षक हे नाटक पाहून हसतो, त्याचं मोठं श्रेय सिंदफणेकाठच्या या नटाला आहे. दरम्यान मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली मोठ्या पडद्यावर नायकाच्या तोंडी आणली. ज्या बोलीला चहाचा ट्रे धरून उभं राहावं लागायचं, ती आता पोस्टरवर मधोमध आली. या वाटेचं पहिलं झाडझाडोरं देशपांडे यांनी साफ केलं होतं.

तरीही काम संपलेलं नाही. बीड जिल्ह्याची स्वतःची गोष्ट अजून विनोदी नाटकात पुरती आलेली नाही. ऊसतोडीच्या कोपीत राहणाऱ्या माणसांचं जगणं आपल्या कथा-कवितांत आलं, दुःखाच्या अंगानं आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण मुकादमाची उचल, कोयत्याची जोडी, कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रात्र काढणाऱ्या गाड्या, कोपीपुढं पेटलेल्या चुलीवरच्या गप्पा, त्या गप्पांतले टोमणे आणि थट्टा, हे कुणी लिहायचं? मी या माणसांत बसलो आहे. त्यांच्याइतकं मोकळं हसणारं माणूस मला शहरात क्वचित भेटलं. ज्याच्या हातात काही नसतं, त्याच्याकडं परिस्थितीला तोंड देण्यासाठी जीभ असते. त्या जिभेचा विनोद धारदार असतो आणि तो कुणाची दया मागत नाही. तो विनोद रंगमंचावर आला तर बीडकडं बघण्याची महाराष्ट्राची नजर बदलेल. दुष्काळ आणि गुन्ह्यांच्या बातम्यांनी आपलं जे चित्र झालं आहे, ते सभांतल्या भाषणांनी पुसलं जाणार नाही. चांगलं लिहिलेलं एक नाटक ते काम करू शकतं.

हे लिहिणारी मुलं आपल्या अकरा तालुक्यांतल्या शाळा-कॉलेजांतच बसलेली आहेत. त्यांना प्रमाण मराठी आली पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परीक्षा त्या भाषेत आहे, नोकरी त्या भाषेत आहे, देशपांडेही वर्गात तीच भाषा वापरत असणार. पण एक भाषा शिकण्यासाठी दुसरी गाडून टाकायची गरज नसते. निबंधाच्या वहीत मुलानं ‘आमचा बा रानात गेलता’ असं लिहिलं की लाल रेघ मारणाऱ्या गुरुजींना माझी विनंती आहे. प्रमाण रूप जरूर शिकवा, आणि त्याच वेळी त्या मुलाला हेही सांगा की तू लिहिलेलं वाक्य नाटकात फार शोभेल. एवढ्या एका वाक्यानं एखादा लेखक वाचेल.

स्नेहसंमेलनात दरवर्षी सिनेमाची गाणी लावून नाच बसवले जातात. यंदा त्यातला एक तास काढून ठेवा. मुलांना आपल्या आजीशी, शेजारच्या मुकादमाशी, एसटीच्या कंडक्टरशी बोलायला लावा, ऐकलेलं लिहायला लावा आणि एका उपरण्यावर करून दाखवायला सांगा. नेपथ्य लागत नाही, भाडं लागत नाही, प्रकाशयोजना लागत नाही. बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहापर्यंत पोचायला वेळ लागला तरी चालेल. शाळेच्या व्हरांड्यात सुरुवात होऊ द्या.

आणि पुण्या-मुंबईत, हैदराबादेत, परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनो, तुमच्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी कुणी तुमच्या बोलण्यावर हसलं तर मान खाली घालू नका. ज्या बोलीनं लक्ष्मण देशपांडे यांनी तीन-तीन तास माणसं जागेवर खिळवून ठेवली, ती तुमची आहे. ती बोला, ती लिहा, आणि घरी फोन कराल तेव्हा आजीशी तिच्याच बोलीत बोला.